तुम्ही बांधाशी बसलात तेव्हा

पोह्यांत दोनच मिरच्या होत्या. दोन. त्याही इथल्या सुपरमार्केटातल्या, लांबुडक्या आणि पाणचट, ज्यांना मिरची म्हणायची लाज वाटावी अशा. आणि तुम्ही वहीत लिहून ठेवता, "पोह्यांत मिरची जास्त." माणूस जाताना देवाचं नाव घेतो म्हणतात. तुम्ही माझ्या पोह्यांचं घेतलंत.

अहो,

तिकडे नमस्कार चालतो की नाही मला माहीत नाही, म्हणून करत नाही. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं. माझ्या सामानाच्या यादीवरसुद्धा तुम्ही लाल पेनने खुणा करायचात. आता या की करायला.

तुम्ही गेलात त्याला या आठवड्यात वर्ष होईल. वर्षभर मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. शीला सून असून फोटोपुढे उदबत्ती लावते, मला म्हणते, "आई, बोला ना बाबांशी, मन हलकं होतं." मी म्हटलं, समोर होते तेव्हा पेपरातून डोकं वर काढत नव्हते, आता काचेतून काय ऐकणार. पण आज लिहायला बसले, कारण काल तुमची वही सापडली.

म्हणजे सापडली नाही. रियाच्या तोंडून सुटली. शाळेत तिला बागेतले पक्षी मोजून आणायला सांगितलेत. मला विचारते, "आजी, आजोबांचा वही घेऊ? त्याच्यात सगळे नाव आहे." मी म्हटलं, वही कुठली आणू, ती तर पोलिसांकडे हरवली, तुझ्या बापानेच सांगितलंय. तर म्हणते, "नो, गॅरेजमध्ये आहे. पेंटच्या मागे. डॅडी म्हणाला आजीला नाही सांगायची." आणि मग जीभ चावली पोरीने.

मी चपला घातल्या आणि गॅरेजात गेले. पेंटचे सहा डबे हलवले. मागे प्लास्टिकच्या पिशवीत तुमची दुर्बीण, माकडटोपी, किल्ल्या आणि ती हिरवी वही. तुमचं अक्षर तसं बरं, पण त्या दिवशीचं शेवटचं पान वाचायला मला अर्धा तास लागला. अर्धाच तास. पुढे सांगते तो अर्धा तास काय ते.

मला त्या पक्ष्यांचा राग पहिल्यापासून आहे, ते तुम्हाला माहीत आहे. लंडनला, ईलिंगमध्ये होतो तोवर तुम्हाला कावळा आणि कबुतर यापलीकडे काही दिसत नव्हतं. फॅक्टरी इकडे आली, आपणही आलो या गोल गोल चौकांच्या गावात, आणि सत्त्याऐंशी साली त्यांनी तुम्हाला लवकर रिटायर केलं. दुसऱ्या कुणी बागेत भाजी लावली असती. तुम्ही दुर्बीण आणलीत. मग तो मॉरिस भेटला, पोस्टातून रिटायर झालेला. त्याने तुमचं जाधवचं "जॅड" करून टाकलं आणि तुम्हाला ते गोड वाटलं. मी नावाने हाक मारली असती तर घर डोक्यावर घेतलं असतंत.

मग दर रविवारी तळी. मुसळधार पाऊस आला की पाणी साठावं म्हणून सरकारने खणलेली तळी, आणि गावाबाहेरची ती जुनी खडीच्या खाणीची. तिथून शेतांच्या कडेकडेने चालायचं. चिखलाचे बूट माझ्या किचनमध्ये. जेवताना एकच विषय, आज काय दिसलं. मी काय शिजवलंय ते कधी दिसलं का?

तुम्हाला आठवतंय का, पहिल्यांदा मी आले होते तेव्हाचं? मला तर काल झाल्यासारखं आठवतंय. शेतात पाखरांचा मोठा थवा बसला होता, पाठीवर सोन्याची पूड टाकल्यासारखा, ऊन पडलं की लखलखायचा. मला आवडलं. खरंच आवडलं. म्हणून मी ओरडले, "अहो, हे बघा." दोनशे पाखरं एकदम उडाली. तिथे चार गोरे उभे होते टेलिस्कोपला डोळा लावून. एकानेही काही म्हटलं नाही. नुसते टेलिस्कोप मिटायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर मी बघून घेतलं असतं, पण ते नुसते मिटायला लागले.

गाडीत तुम्ही पूर्ण रस्ता गप्प. घराच्या दारात म्हणालात, "तुला तोंड मिटून बसता येत नसेल तर माझ्याबरोबर येऊ नकोस. माणसांत जायची लाज वाटते मला."

लाज. वर्षानुवर्षं तुमच्या मित्रांच्या पंगती वाढल्या, तेव्हा नव्हती वाटत. मी आले नाही पुन्हा. दोन हिवाळे नाही आले. तुम्हीही विचारलं नाहीत.

मग गेल्या फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला. माणूस सोमवारी येणार होता. विकास, शीला, रिया शीलाच्या माहेरी लेस्टरला गेले होते. घर असं गार की श्वासाचा धूर दिसत होता. तुम्ही बूट घालता घालता म्हणालात, "इथे गारठून मरण्यापेक्षा चल माझ्याबरोबर. गाडीत हीटर आहे." चांगलं बोलायचं तर तेही असं.

आणि गाडी चालू करायच्या आधी माझ्याकडून वचन घेतलंत. म्हणालात, "एक शब्द नाही. काही झालं तरी." मी म्हटलं, "काही झालं तरी?" तुम्ही म्हणालात, "काहीही. थवा जवळ आलेला असताना शिंकसुद्धा आवरायची असते. जमणार असेल तर बस." मी म्हटलं, "बसले." आणि शाल डोक्यावरून घेतली.

सकाळी तळ्यावर तुम्ही बरे वागलात, ते मी नाकारत नाही. गवतावर दहिवर गोठलं होतं, पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी होती. टेलिस्कोप माझ्या उंचीला खाली केलात आणि म्हणालात, "बघ, ते काळंपांढरं, पिवळ्या डोळ्याचं बदक. डुबकी मारली की मनात वीस मोज." मी मोजले. अठराव्याला वर आलं. मी बोलायला वळले आणि मग वचन आठवलं. नुसती बोटं दाखवली, दहा आणि आठ. तुम्ही हसलात. बऱ्याच दिवसांनी हसलात माझ्याकडे बघून. त्याच्यावर मी दिवसभर गप्प राहिले असते. राहिलेच.

मग शेतं. तिथे खाणीच्या तळ्यावर ती लाकडी खोपटी आहे, लांबट खिडकीची, तिला तुम्ही हाइड म्हणता. आत मॉरिस आणि आणखी तिघे. तुम्ही मला बाकावर बसवलंत, फ्लास्क दिलात, संत्रं दिलंत, आणि म्हणालात, "मी बांधाने पलीकडे जाऊन मोजून येतो." हळूच म्हणालात. तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द काय, तर "मोजून येतो."

आता मी जे सांगते ते तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, पण ऐका.

मला तुम्ही दिसत होतात. समोर गव्हाचं कोवळं शेत, पलीकडे झुडपांचा बांध, त्याच्या कडेने तुमची मरून माकडटोपी चाललेली. दोनशे पावलं असतील. थवा शेताच्या मधोमध. मग टोपी थांबली आणि खाली गेली. तुम्ही बसलात.

मॉरिसने टेलिस्कोप फिरवला आणि कुजबुजला, "जॅडला काहीतरी चांगलं दिसलंय." बाकीचे तिघेही वळले. तुमच्याकडे नाही, तुमचं तोंड जिकडे होतं तिकडे. चौघं म्हातारे तुम्ही काय बघताय ते शोधत होते. त्यांना तुमचा हेवा वाटत होता. एकाने तर म्हटलंही, आज नशीब त्याचं.

त्यांच्यात माणूस बांधाशी दबून बसला की तो पक्षी बघत असतो. दुसरं कारणच नाही. आपल्या गावात भर उन्हात कुणी असं मटकन बसला असता तर चार बाया पाणी घेऊन धावल्या असत्या, कांदा फोडला असता, नाकाशी चप्पल धरली असती. इथे सगळे आणखी गप्प झाले.

मी संत्रं सोलत होते. साल खिशात घालत होते, कारण तिथे कचरा टाकायचा नाही हेही तुम्ही बजावलं होतं. तेवढ्यात तुम्ही वळलात आणि दुर्बीण उचलून सरळ खिडकीकडे धरलीत. माझ्याकडे. मला वाटलं, बघताय मी तोंड मिटलंय की नाही. मला राग आला. राग आला आणि थोडा चेवही. मी बोट ओठांवर ठेवलं आणि तुम्हाला दाखवलं. बघा म्हटलं, आहे गप्प.

आता वही.

तुमची सवय, प्रत्येक पाखराला वेळ घालायची. चांगली सवय. माझा जीव घेतला तिने काल. पान माझ्यासमोर आहे, आहे तसं उतरवते.

"११.०५. सोनपाठी टिटव्या, २१०. शेंडीवाल्या ४०.
११.१०. छातीत जळजळ. पोह्यांत मिरची जास्त. बसलो.
११.२०. जळजळ कमी नाही. डावा हात जड. थवा सरकत सरकत जवळ येतोय, वीस पावलं. इतका जवळ कधीच नाही.
११.२५. ही खिडकीत दिसते. हाक मारावी का.
११.२६. तोंडावर बोट ठेवून बसली आहे. शहाणी झाली.
११.४०. वरून ससाणा गेला. तरी थवा बसून."

पुढे कोरं.

शहाणी झाली. इतक्या वर्षांच्या संसारात एकदा म्हणालात, आणि तेही कागदाला.

अहो, तुम्हाला अक्कल होती की नव्हती? डावा हात जड झाला म्हणून लिहिता, आणि उजव्या हाताने टिटव्या मोजता? तुम्ही फॅक्टरीत फर्स्ट-एडचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट मी दहा वर्षं पुसलंय भिंतीवर. हात जड झाला की काय समजायचं ते त्यात शिकवलं नव्हतं? की माझ्या पोह्यांवर ढकललं की झालं?

"हाक मारावी का." यात विचारायचं काय होतं? मारायची. दोनशे पाखरं उडाली असती. उडू द्यायची. रविवारी पुन्हा आली असती. त्यांना काय, दरवर्षी येतात. या वर्षीही आलीत, मॉरिस सांगत होता.

का गोऱ्यांसमोर लाज वाटली? तिकडे फॅक्टरीत तुम्हाला त्यांनी काय काय म्हटलं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण डब्यातली भाजी परत यायची त्यावरून मला कळायचं. इतक्या वर्षांनी चार माणसांनी जागा दिली बाकावर. ती जागा जाऊ नये म्हणून बसलात ना तोंड दाबून? सोन्यासारखा थवा उडवणारी माणसं आम्ही नाही, हे दाखवायचं होतं. मला आधी शिकवलंत आणि मग स्वतःच पाळलंत.

तुमच्यावरच राग आहे असं नाही. मी बघितलं होतं. अकरा-पंचेचाळीसच्या सुमाराला असेल, टोपी कलली. जशी बसल्या बसल्या डुलकी लागली की कलते, तशी नाही. वेगळी. मला कळलं होतं. मी तोंड उघडलं. मग त्या चौघांच्या पाठी बघितल्या, त्या पहिल्या वेळची तुमची गाडीतली ताठ मान बघितली डोळ्यांपुढे, आणि मिटलं. नुसती मॉरिसची बाही ओढली आणि बोट दाखवलं. ज्या बाईचा आवाज ईलिंगच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, तिने बाही ओढली.

मॉरिसला वाटलं, मी म्हणतेय जाऊन बघा, पक्षी कुठला आहे. तो आणि दुसरा एक निघाले. कसे निघाले म्हणून सांगू? कंबरेत वाकून, एक एक पाऊल उचलून, काटकी मोडणार नाही अशा बेताने. शेताच्या कडेने. दहा मिनिटं. तुमचा पक्षी उडू नये म्हणून तुमच्यापर्यंत पोचायला त्यांनी दहा मिनिटं घेतली. आणि मी खिडकीतून बघत होते, आणि हातात अर्धं संत्रं.

मग मॉरिस सरळ उभा राहिला. एकदम, ताठ, थव्यासमोर. त्यांच्यात असं कुणी उभं राहत नाही. तेव्हा कळलं, तुम्ही गेलात.

पाखरं उडाली. सगळी. ढगासारखी वळली आमच्या डोक्यावरून. मी तेव्हाही ओरडले नाही. आता कशाला, म्हटलं.

मॉरिस भला माणूस आहे. महिनाभर रोज दारात यायचा, टोपी हातात घेऊन. मी त्याला घरात घेतलं नाही. एक दिवस शेवटी चहा दिला. रडला तो माझ्या किचनमध्ये. म्हणाला, "मिसेस जे, आम्हाला वाटलं तो बघतोय." मी म्हटलं, "बिस्किट खा." दुसरं काय म्हणणार, मलाही तेच वाटलं होतं.

हॉस्पिटलात पोचलो तोवर विकास लेस्टरहून आला होता. मी त्याला एकच विचारलं. बाबा बसले तेव्हाच गेले, की नंतर? कारण मला तेवढंच हवं होतं. तेवढ्यावर माझं सगळं होतं. तेव्हाच गेले असतील तर मी ओरडले काय आणि नाही काय, सारखंच. नंतर गेले असतील तर मी बसले होते आणि तुम्ही जिवंत होतात, दोघंही एकमेकांना बघत.

त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "आई, एका क्षणात. त्यांना कळलंसुद्धा नाही." वर म्हणाला, "डॉक्टरच म्हणाले."

वर्षभर मी त्या एका क्षणावर जेवले आणि झोपले. शीलाच्या मैत्रिणी यायच्या, म्हणायच्या, किती भाग्याचं मरण. मी मान हलवायचे. देवळात ती पुण्याची बाई म्हणाली, तुम्ही जवळच होतात हो, केवढं बरं. मी म्हटलं, हो.

क्षण म्हणे. अकरा-दहा ते अकरा-चाळीस. तिसरीपर्यंतच शिकले, पण एवढी वजाबाकी येते मला.

त्याला वाटलं असेल, आई पोह्यांचं मनाला लावून घेईल. पोह्यांचं काय आहे? पोहे चांगलेच झाले होते, तुम्ही दोनदा घेतलेत. मला लागलं ते वेगळंच. घरात तीन माणसं होती ज्यांना खरं माहीत होतं, आणि त्यातली एक दहा वर्षांची होती. मला सोडून सगळ्यांना. तुम्ही पाखरांसाठी तोंड मिटलंत, मी तुमच्यासाठी मिटलं, आणि पोराने माझ्यासाठी. सगळ्यांनी एकमेकांचं भलंच केलंय.

काल रात्री नेहमीसारखं जेवायला वाढलं. विकासने विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "मीठ पुरे आहे का बघ."

आता काय करणार ते सांगते. या रविवारी मॉरिस मला न्यायला येणार आहे. आज सकाळी मीच फोन केला, माझ्या इंग्लिशमध्ये, आणि त्याला कळलं. त्याच खोपटीत, त्याच बाकावर बसणार आहे. येत्या रविवारी, आणि पाय चालतील तोवर दर रविवारी. आणि त्या बांधाशी, कुठल्याही बांधाशी, एक माणूस खाली बसलेला दिसला की मी ओरडणार. पक्षी बघत असला तरी ओरडणार. थवा उडाला, टेलिस्कोप मिटले, मला बाकावरून उठवलं, तरी बाहेर उभी राहून ओरडणार. मॉरिसला सांगितलंय तसं. तो म्हणाला, "राइट." हे माझं वचन. तुम्हाला दिलेलं आधीचं मोडलं असं समजा.

तिकडे गारठा असेल तर कान झाका. टोपी इथेच राहिलीय.

सुमन
मिल्टन कीन्स

ता. क. हे पत्र किचनच्या टेबलावर ठेवतेय, वर तुमची वही ठेवून. विकास साडेपाचला येईल. वडलांची वही न विचारता वाचलीस, तसं हेही वाचशील, म्हणून इथून पुढचं तुला.

त्या वेळा बघून तू डॉक्टरांना विचारलं असणारच. केटल घेतानासुद्धा तू दुकानदाराला दहा प्रश्न विचारतोस. मी तेव्हा हाक मारली असती तर हे वाचले असते की नाही, याचं डॉक्टरांनी तुला काय सांगितलं, ते मला हवंय. मी माझ्या खोलीत बसलेय, दार उघडं आहे. शीलाला पाठवू नकोस, तिचा यात दोष नाही. रियाला तर अजिबात नाही. चिठ्ठी लिहू नकोस. हात धरू नकोस. "हो" असेल तरी चालेल, "नाही" असेल तरी चालेल, पण तू यायचं, समोर बसायचं, आणि तुझ्या तोंडाने सांगायचं.